चार शेळ्या, दोन मेंढ्या

मराठीत शेळीपालनाची पुस्तकं कमी नाहीत. कृषी प्रदर्शनातल्या पुस्तकांच्या गाळ्यावर पाच-सात तरी सापडतात, आणि त्यातली बहुतेक चाळीस शेळ्या व दोन बोकड या गटापासून सुरू होतात. बँकेला प्रकल्प अहवाल द्यायचा असतो, अनुदानाच्या योजनेतही दहा अधिक एक, वीस अधिक दोन अशीच भाषा असते. त्यामुळे लेखकही त्याच मापानं विचार करतो: शेडची लांबी-रुंदी, विलगीकरणाची खोली, चाऱ्यासाठी अर्धा एकर, नोंदवही. यात चूक काही नाही. फक्त ज्याच्या दारात चार शेळ्या आणि दोन मेंढ्या आहेत त्यानं असं पुस्तक उघडलं, की दुसऱ्या पानापासून त्याला परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. विलगीकरणाची खोली कुठली आणायची? त्याच्या पोरांनाच वेगळी खोली नाही.

हे पुस्तक त्या माणसासाठी आहे, खरं म्हणजे त्या घरातल्या बाईसाठी. त्यातलं पुष्कळसं बनारसमध्ये पाहून, विचारून लिहिलं आहे. माण-खटाव, जत, सांगोला सोडून काशी कशाला, असं कुणीही विचारेल. मराठी माणूस काशीला जातो तो विश्वनाथासाठी, श्राद्धासाठी, नाहीतर दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडच्या जुन्या मराठी वस्तीत कुणी नातलग असेल म्हणून. शेळ्या बघायला कुणी जात नाही. विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० मध्ये उभं करणाऱ्या अहिल्याबाई चौंडीच्या धनगराघरच्या लेक होत्या, आणि महाराष्ट्राचं मेंढी व शेळी विकास महामंडळ त्यांच्याच नावानं चालतं. हा योगायोग सुखावतो, पण पुस्तक त्यावर उभं नाही. बनारस निवडलं ते तिथल्या शेळीपालनाला जमिनीचा आधारच नाही म्हणून. कुरण नाही, बांध नाही, पड नाही, कडब्याची गंज नाही. तरीही विणकरांच्या मोहल्ल्यात, नावाड्यांच्या वस्तीत, घाटामागच्या बोळात दर पाच-दहा घरांमागे एका दारात शेळी बांधलेली असते. आपल्याकडे मालेगावात, सोलापुरात, इचलकरंजीत जी शेळी गल्लीत फिरते तिचीच ही बहीण. छोट्या कळपाचे प्रश्न इथं बाकी कशाच्या आड लपत नाहीत.

सकाळी दावं सुटलं की या शेळ्या निघतात. घाटाच्या पायऱ्यांवर ऊन खात बसतात, देवळाबाहेर टाकलेल्या झेंडूच्या माळा खातात, भाजीवाल्याच्या गाड्याखाली पडलेला फ्लॉवरचा पाला खातात, भिंतीवरचा कागद ओढून काढतात आणि दिवेलागणीला आपापल्या दारात परत येतात. त्यात एटा-आग्ऱ्याकडची ठेंगणी, उभ्या कानांची, ठिपक्याठिपक्यांची बरबरी दिसते. बांधून पोसायला हिच्याइतकी सोयीची जात उत्तरेत नाही. पण जास्त संख्या नावगाव नसलेल्या देशी शेळ्यांचीच. भोजपुरीत त्यांना छेरी म्हणतात, खच्ची केलेल्या बोकडाला खस्सी. मेंढ्या शहरात क्वचित. त्या शहराबाहेर, मिर्झापूरच्या वाटेवर पाल-गडेरिया मंडळींकडे दिसतात. आपल्या धनगरांसारखेच हे लोकही रात्री शेतात मेंढरं बसवतात आणि खताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. शेजारचं भदोही गालिच्यांसाठी जगभर ओळखलं जातं, पण या मेंढरांच्या जाड्याभरड्या लोकरीला त्यानं काही सोन्याचा भाव आलेला नाही.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४२ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. उत्तर प्रदेशात सुमारे दीड कोटी शेळ्या, महाराष्ट्रात एक कोटीच्या वर. या आकड्यांत मोठ्या फार्मांचा वाटा लहान आहे. बहुतेक जनावरं दोन-चार-सहाच्या कळपांत विखुरलेली आहेत. शंभरांतली एक शेळी मेली तर तो टक्केवारीचा विषय होतो. पाचांतली एक मेली तर घराची पाचवा हिस्सा ठेव बुडते, आणि तीही बहुधा मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या बिलासाठी राखून ठेवलेली.

या पुस्तकात सांगायची गोष्ट एकच आहे, बाकीची प्रकरणं तिच्या फांद्या. मालकीच्या हिशेबानं तुमचा कळप चारांचा असेल. रोगाच्या हिशेबानं तो अख्ख्या गल्लीचा आहे. तुमची शेळी ज्या नळाखालच्या डबक्यात तोंड घालते त्यात आणखी तीस शेळ्या तोंड घालतात. बोकड तुमचा नसतो, तो दोन गल्ल्या पलीकडच्या कुणाचा तरी असतो आणि सगळ्या मोहल्ल्यातल्या शेळ्यांना लागतो. म्हणून स्वतःच्या दारातल्या चार जनावरांची कितीही काळजी घेतली तरी ती अर्धीच राहते. धनगरांचा वाडा हे जाणतो. चार-सहा कुटुंबांचे कळप वेगवेगळे असले तरी चाल एक असते, मुक्काम एक असतो, आणि एकाच्या मेंढराला खोकला लागला तर सगळ्यांना त्याच संध्याकाळी कळतं. बनारसच्या बोळात असा वाडा नाही. आपल्या तालुक्याच्या गावांतही नाही. तिथं आजार लपवला जातो, कारण आजारी शेळीची बातमी फुटली की खाटीक भाव पाडतो.

याचा पहिला फटका लसीकरणाला बसतो. शेळ्यामेंढ्यांना सगळ्यात जास्त मारणारा रोग पीपीआर. डोळ्यानाकातून पाणी, मग घट्ट शेंबूड, १०५ अंशांपर्यंत ताप, तोंडात फोड, हगवण, शेवटी फुफ्फुसदाह; लस न घेतलेल्या कळपात शिरला तर आठवडाभरात अर्ध्याहून अधिक जनावरं नेऊ शकतो. यावरची लस स्वस्त आहे, शासनाकडून मोफत मिळते आणि करडू तीन-चार महिन्यांचं झाल्यावर दिलेली एक मात्रा किमान तीन वर्षं पुरते. इतकं सगळं सोपं असताना छोटे कळप लसीविना का राहतात? कारण बाटली. लसीची बाटली पन्नास किंवा शंभर मात्रांची येते. जिवंत लस असल्यानं ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. चार शेळ्यांसाठी शंभर मात्रांची बाटली कुणी फोडत नाही. डॉक्टर म्हणतात, जनावरं गोळा करा, मी येतो. बाई म्हणते, डॉक्टर आले की मी शेळ्या सोडून आणते. दोघांचंही खरं असतं आणि मधल्या मध्ये साथ येते. बाटलीच्या मापाची गल्ली जमवणं हे लसीकरणातलं खरं काम आहे. सुई टोचायला पाच मिनिटं लागतात. म्हणून लसीच्या प्रकरणात औषधांच्या नावांपेक्षा जास्त पानं, पन्नास शेळ्या एका सकाळी एका आवारात कशा आणायच्या, कोणत्या वारी, कुणाच्या दारात, उन्हं चढायच्या आत, यावर खर्च केली आहेत.

या लसीमागे एक जुनी गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात पुण्यात होते. १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पिरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली; आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिथूनच वाढली. त्या काळचा मोठा शत्रू गुरांची बुळकांडी. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा शेकडो वेळा नेऊन सौम्य केला आणि शेळीच्या अंगातून गाईबैलांची लस तयार झाली. पुढची कित्येक दशकं देशातली गुरं त्या लसीवर वाचली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याची घोषणा झाली. माणसानं मुळासकट उपटलेला, देवीनंतरचा हा दुसरा रोग. यात शेळीच्या वाट्याला काय आलं? बुळकांडीचाच भाऊबंद असलेला पीपीआर १९४२ मध्ये आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला ओळखला गेला. भारतात तो तमिळनाडूत १९८७ मध्ये सापडला, आणि त्याआधी शेळ्या अशा मेल्या की बुळकांडी म्हणून नोंद व्हायची. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर तो उत्तरेत पोचला. हिमाचलातल्या सुंगरीच्या शेळ्यांतून घेतलेल्या विषाणूपासून मुक्तेश्वरलाच त्यावर लस तयार झाली, तोवर शतक संपत आलं होतं. शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड, ही म्हण प्रयोगशाळेलाही लागू पडते. आता २०३० पर्यंत पीपीआर जगातून घालवायचा असं ठरलं आहे. बुळकांडीच्या वेळी गाय घरोघर मोजलेली होती. बोळातली छेरी कुणी मोजायची, हा या मोहिमेपुढचा अवघड प्रश्न आहे.

रोग गल्लीत शिरतो कुठून, याचं उत्तर बहुतेक वेळा बाजार हेच असतं. त्यातही एक जनावर फार धोक्याचं. बकरीदच्या आधी बोकड मंडीत नेले जातात, देवनारला काय किंवा बनारसला काय, दहा जिल्ह्यांतली जनावरं खेटून उभी राहतात. जी विकली जातात ती संपतात. जो बोकड भाव न आल्यानं घरी परत येतो तो सगळ्या मंडीचा श्वास सोबत घेऊन येतो, आणि घरचाच म्हणून सरळ आपल्या जुन्या खुंटीला बांधला जातो. नवीन शेळी आणली तर निदान थोडा संशय तरी असतो; परतलेल्या बोकडावर कुणी संशय घेत नाही. दोघांनाही तीन आठवडे वेगळं बांधायला हवं. जागा नसेल तर काय, याचं बनारसी उत्तर मला आवडलं: ज्या नातलगाकडे शेळ्याच नाहीत त्याच्या दारात बांधा, चारा आपला पाठवा, आणि पाण्याची बादली तिथलीच वापरा. महिनाभरानं एका वेळच्या मटणाच्या जेवणात हिशेब मिटतो.

दुसरा शत्रू पोटात राहतो. चौथ्या जठरात चिकटून रक्त पिणारा तारेसारखा गोलकृमी, हिमोंकस, पावसाळ्यात शेळ्यामेंढ्यांना आतून रिकामं करतो. एक किडा दिवसाला अंदाजे ०.०५ मिलीलीटर रक्त पितो. हजार किडे झाले की रोज ५० मिलीलीटर. मादी दिवसाला हजारोंनी अंडी घालते, ती लेंडीतून बाहेर पडतात, ओल आणि ऊब मिळाली तर आठवड्याच्या आत अळ्या गवताच्या बुंध्यावर चढून बसतात. जमिनीलगत चरणाऱ्या मेंढीला त्या जास्त मिळतात. मान वर करून पाला ओरबाडणाऱ्या शेळीला कमी मिळाल्या असत्या, पण गल्लीतल्या शेळीला वर करायला झाडच उरलेलं नसतं. जनावर हगत नाही, खोकत नाही, फक्त वाळत जातं, आणि एके दिवशी जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबते. तोवर उशीर झालेला असतो.

इथं या पुस्तकाचं आणि औषधाच्या दुकानदाराचं जमणार नाही. दर तीन महिन्यांनी सगळ्या जनावरांना जंताचं औषध पाजा, हा सल्ला आता जुना झाला आहे. सगळ्यांना सारखं पाजत राहिलं की औषध पचवणारे जंत तेवढे शिल्लक उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. दक्षिण आफ्रिकेत डॉ. फाफा मालन यांच्या नावानं ओळखला जाणारा एक तक्ता आहे, फामाचा. शेळीच्या खालच्या पापणीचा आतला रंग बघायचा. लालभडक ते कागदासारखा पांढरा अशा पाच पायऱ्या असतात. लाल आणि गुलाबी जनावराला औषध द्यायचंच नाही. चौथ्या-पाचव्या पायरीवरच्याला लगेच द्यायचं; मधल्या, तिसऱ्या पायरीवरच्या शेळीला, करडाला आणि गाभणीला दिलेलं बरं. चाळीस शेळ्यांच्या फार्मला हे कटकटीचं वाटतं, चारांच्या मालकिणीला धार काढता काढता जमतं. छोट्या कळपाचा हा एक खरा फायदा आहे, तो सोडू नये. दोन सूचना मात्र इथंच देऊन ठेवतो. शेळीचं शरीर जंताचं औषध मेंढीपेक्षा लवकर निकालात काढतं, म्हणून मेंढीची मात्रा शेळीला पुरत नाही. ती डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्यावी. आणि अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये.

खाण्याचं प्रकरण लिहिताना मजा आली, कारण त्यात बनारसनं मला बरंच काही शिकवलं. झेंडूच्या माळा शेळीला बाधत नाहीत, माळेचा नायलॉनचा दोरा बाधतो. प्लास्टिकच्या पिशव्या पोटात साठून गोळा होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लग्नसराईबद्दल मात्र कुणी बोलत नाही. पंगत उठल्यावर उरलेला भात, पुऱ्या, बुंदी कुणीतरी दयाळूपणे शेळ्यांपुढे ओततं. शेळीचं मोठं पोट पाल्यासाठी बनलेलं. एकदम एवढं पिष्ट पडलं की आत आंबट होतं, रवंथ थांबते, पोट तट्ट होतं, आंबूस वासाची पातळ हगवण लागते आणि सकाळी जनावर उठत नाही. त्याच आयत्या खाण्यावर आंत्रविषाराचे जंतूही माजतात, आणि त्यात तर रात्री धडधाकट असलेलं सगळ्यात गुबगुबीत करडू पहाटे मेलेलं सापडतं. लोक नजर लागली म्हणतात. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी द्यायची, पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा. पंगतीवर लस नाही. मोठ्या शेळीला १५-२० ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, मान फार वर न करता, हळूहळू पाजला तर डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळतो. घाईनं ओतला तर तो फुफ्फुसात जातो आणि सोड्यापायी शेळी मरते. बकरीदसाठी धान्यावर पोसलेल्या खस्सीचं दुखणं वेगळं: लघवी अडते. लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनळी बारीक राहते, धान्य जास्त झालं की खडे होतात. पाणी भरपूर आणि धान्याला पाल्याची जोड, एवढ्यानं पुष्कळ टळतं.

थंडीत बनारसच्या शेळ्या स्वेटर घालतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात, आणि खरंच, बाह्यांत पुढचे पाय घालून पायरीवर उभी असलेली शेळी एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखी दिसते. पौष-माघात धुकं दिवस दिवस हटत नाही, पारा सहा-सात अंशांवर येतो. आपल्याकडे निफाड सोडलं तर अशा थंडीची सवय नाही. स्वेटर चांगलाच. पण फुफ्फुसदाहानं मरणारी करडं थंडीपेक्षा कोंडलेल्या हवेनं जास्त मरतात. थंडी म्हणून खोलीची सगळी भोकं गोणपाटानं बुजवतात, आत मूत साचतं, त्याचा तिखट वायू जमिनीलगत राहतो, आणि करडाचं नाक नेमकं तिथंच असतं. परीक्षा सोपी आहे: पहाटे आत जाऊन करडाच्या उंचीला उकिडवं बसा. तुमचे डोळे चुरचुरले तर वरची एक खिडकी उघडा, खालची ओल काढा, कोरडा भुसा किंवा राख पसरा. वारा अंगावर येऊ नये, डोक्यावरून जावा. ओलं गोणपाट पांघरण्यापेक्षा काही न पांघरणं बरं. आणि शक्य असेल तर करडं पौषात जन्मालाच घालू नयेत. शेळी पाच महिन्यांनी, दीडशे दिवसांनी विते. श्रावणात लावलेली पौषात विणार. भाद्रपद-आश्विनात लावली तर करडं माघ सरता सरता येतात, तेव्हा ऊन परत आलेलं असतं.

पुराचं सांगायला हवं, कारण कोल्हापूर-सांगलीकरांनाही ते लागू आहे. बनारसला राजघाटच्या मापावर गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, १९७८ च्या पुरात ती ७३.९० वर गेली होती. श्रावण-भाद्रपदात वरुणेच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरतं आणि शेळ्या गच्चीवर चढवल्या जातात. गच्चीवर त्या बुडत नाहीत, पण पाणी ओसरल्यावर उतरतात त्या चिखलात, जिथं गोगलगाई यकृतकृमीचं बियाणं सोडून गेलेल्या असतात. पूर गेला की तळ्याकाठचं पहिलं हिरवं गवत शेळ्यामेंढ्यांना चारू नये. खुरांचीही हीच वेळ. घाटाच्या दगडी पायऱ्यांवर हिंडणाऱ्या शेळीची खुरं आपोआप घासली जातात. चिखलात बांधलेलीची वाढून दुमडतात आणि सडतात.

शेळ्या आणि मेंढ्या एकत्र पाळणाऱ्यांसाठी एक इशारा मी मुद्दाम पुस्तकात तीन ठिकाणी छापला आहे: शेळीचं किंवा गाईचं खनिज मिश्रण मेंढीला देऊ नका. त्यातलं तांबं शेळीला लागतं, मेंढीला मात्र ते यकृतात साठून महिन्यांनंतर एकदम विषासारखं लागतं. सगळ्यांना एकाच घमेल्यात खायला घालणाऱ्या घरात ही चूक सहज होते.

वेताचं प्रकरण लहान आहे, कारण बायकांना त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. चीक तासाभरात पोटात जावा, दिवसभरात करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका; नाळेला आयोडीन; वार पडली नाही तर ओढू नये. भर आहे तो एकाच गोष्टीवर: गाभडलेल्या शेळीला उघड्या हातानं हात लावू नये. ब्रुसेलाचा जंतू माणसाला लागतो, महिनोन्महिने येणारा ताप आणि सांधेदुखी घेऊन, आणि तो बहुधा त्याच बाईला लागतो जी वार उचलून पुरते. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली तरी चालेल. शेळीचं कच्चं दूध औषधी असतं म्हणून मुलांना देणाऱ्यांनी हे पान आधी वाचावं.

पैशाचा प्रश्नही आरोग्याचाच आहे. पूर्व उत्तर प्रदेशात पुष्कळ शेळ्या अधियावर असतात: शेळी एकाची, सांभाळ दुसरीचा, करडं निम्मी निम्मी. आपल्याकडे अर्धलीनं देतात तेच. अशा शेळीच्या औषधाला खिशात हात कुणी घालायचा? मालक म्हणतो सांभाळणारीनं, ती म्हणते मालकानं. व्यवहार ठरतानाच, साक्षीदारांसमोर, लस आणि औषधाचा खर्च करडांच्या विक्रीतून आधी वजा करायचं ठरवलं तर निम्मे वाद आणि काही शेळ्या वाचतात. महाराष्ट्रात उमेद अभियानात आणि उत्तर प्रदेशातल्या बचत गटांत ज्या पशुसखी तयार झाल्या आहेत त्यांचं मोल मला इथंच वाटतं. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं तर बायकांना शेळ्यांचं कृत्रिम रेतनही शिकवलं. पशुसखी काही डॉक्टर नव्हे. पण कुणाच्या दारात किती जनावरं आहेत, कुणाची खोकतेय आणि कुणी लपवतंय, हे तिला ठाऊक असतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या आम्हा पुस्तकवाल्यांना ते कधीच कळणार नाही.

अँटिबायोटिक्सच्या मात्रा या पुस्तकात दिलेल्या नाहीत, आणि त्यावरून तक्रार येणार याची मला कल्पना आहे. दुकानातून उरलेली अर्धी बाटली आणून दोन दिवस टोचायची आणि शेळी उभी राहिली की थांबायचं, ही सवय आधीच फार पसरली आहे. तिला छापील आधार द्यायची इच्छा नाही. त्याऐवजी साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तो माणसांच्या थर्मामीटरपासून वेगळा ठेवा. शेळीचं तापमान गुदद्वारात १०२ ते १०३.५ अंश फॅरेनहाइट असतं, मे महिन्याच्या दुपारी थोडं चढतं. धडधाकट असताना आठ-दहा वेळा मोजून ठेवलं तर आजारात त्या आकड्याला अर्थ येतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. फोन लावण्याआधी ताप मोजा, डावी कूस तळहातानं दाबून पोट हलतंय का ते बघा, लेंडी कशी आहे आणि काल काय खाल्लं ते आठवून ठेवा, गाभण असेल तर कितवा महिना तेही. आणि गल्लीत आणखी कुणाचं जनावर आजारी आहे का, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.